जुनं टेबल घरी आणलंत? आधी सुकू द्या: गोव्याच्या हवेत जुनं फर्निचर दुरुस्त करून रंगवण्याची पद्धत

फोंड्यात भाड्याच्या घरात आलो तेव्हा मुलीच्या अभ्यासासाठी दोन ड्रॉवरचं एक जुनं सागवानी टेबल घेतलं. जुलै चालू होता. घासलं, दोन दिवसांत रंगवलं आणि चवथीच्या आधीच पायांवरचा रंग नखाने सोलून निघायला लागला. रंग चांगल्या कंपनीचा होता, दुकानदाराने दिलेलं अस्तरही (रंगाआधी लावायचा प्राइमर) बरोबर होतं. लाकूड मात्र आतून ओलं होतं. डिसेंबरात तेच टेबल पुन्हा खरवडायला बसले, तेव्हा वाड्यावरचे सुतार बघायला आले. त्यांना इथे सगळे मेस्त म्हणतात. त्यांनी पायाच्या तळाला अंगठा लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बाय, आदीं सुकूंक दी."

त्यानंतर मी एक कपाट, दोन वेताच्या खुर्च्या आणि एक देवघराचा चौरंग केला. प्रत्येक वेळी रंगवण्याचं काम सगळ्यात कमी दिवसांत झालं. बाकीचे दिवस सुकवणं, तपासणं आणि घासणं यांत गेले. तुम्ही पहिल्यांदाच असं काही हातात घेत असाल, तर माझे वाया गेलेले आठवडे तरी तुमचे जाऊ नयेत, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

1. आधी महिना बघा

जून ते सप्टेंबर गोव्यात रंग किंवा पॉलिश लावू नका. हवेतली ओल लाकूड शोषून घेतं, रंग वरून सुकल्यासारखा दिसतो आणि खाली चिकट राहतो. लाखेचं पॉलिश तर दमट हवेत लावता लावताच पांढुरकं पडतं. दसरा-दिवाळी झाली, पहाटे दव पडायला लागलं, तरी दुपार कोरडी असते. तिथून मार्चपर्यंतचा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्येही चालतं, फक्त काम सावलीत करा. तापलेल्या फळीवर लावलेल्या रंगाला बुडबुडे येतात.

पावसाळ्यात अजून एक चूक होते. ड्रॉवर अडकतो, म्हणून लोक त्याच्या कडा रंध्याने तासून घेतात. लाकूड ओलीने फुगलेलं असतं. जानेवारीत ते आकसतं आणि तोच ड्रॉवर खुळखुळायला लागतो. तासलेलं लाकूड परत येत नाही. पावसात अडकणाऱ्या ड्रॉवरच्या घसरणाऱ्या कडांना मेणबत्ती घासा आणि थांबा.

2. विकत घेताना

जुनं सामान कुठे मिळतं? घर रिकामं करणारे भाडेकरू, जुनं घर पाडण्याआधी सामान काढणारी कुटुंबं, भंगारवाल्यांची गोदामं, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. सुतारांना सांगून ठेवलंत तर सगळ्यात चांगलं, कारण कोणाच्या घरात काय निघतंय ते त्यांना आधी कळतं.

वस्तू उलटी करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. वरची बाजू चकचकीत केलेली असते, खरी गोष्ट खाली आणि मागे दिसते. या गोष्टी तपासा:

पायांचा तळ. जमिनीतून ओल चढते ती इथून. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबा. लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर पाय कुजलाय.

बारीक गोल भोकं. 1 ते 3 मिलिमीटरची असतील तर लाकडात किडा होता किंवा आहे. भोकाखाली पिठासारखी ताजी, फिकट पूड दिसली तर किडा जिवंत आहे असं समजा. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी, आणि वाळवी लागलेली वस्तू मी घेत नाही. आतून किती पोखरलंय ते बाहेरून कळत नाही.

फळी कसली आहे. ड्रॉवरच्या मागच्या कडेला बघा. भुसा चिकटवून दाबलेला बोर्ड असेल तर सोडून द्या. तो एकदा भिजून फुगला की पूर्ववत होत नाही, स्क्रूही धरत नाही. प्लायवूड असेल तर चालेल, पण थर सुटलेले नकोत.

हलवून बघा. टेबल डगमगत असेल तर घाबरू नका. सैल झालेला सांधा दुरुस्त होतो. तुटलेला, चिरलेला सांधा मात्र सुताराचं काम आहे, तो खर्च भावात धरा.

लाकूड ओळखायला थोडा सराव लागतो. सागाची ताजी घासलेली जागा सोनेरी-तपकिरी असते आणि तिला तेलकट, चामड्यासारखा वास येतो. शिसव जड, जांभळट तपकिरी, त्यात काळ्या रेषा. फणसाचं लाकूड आधी पिवळं असतं आणि वर्षं गेली की तांबूस होतं. आंबा फिकट असतो आणि किड्याला लवकर बळी पडतो. दक्षिण गोव्यातल्या चांदोर गावी मिनेझिस ब्रागांझा कुटुंबाचं जुनं घर पाहायला मिळतं. तिथलं जुनं फर्निचर एकदा शांतपणे बघून या. हाताने बनवलेली जुनी वस्तू कशी दिसते ते डोळ्यांत बसतं आणि मग बाजारात फसायला होत नाही.

व्यवहार झाला की साध्या कागदावर पावती लिहून घ्या: वस्तूचं वर्णन, रक्कम, तारीख, देणाऱ्याची सही. इमारतीच्या गेटवर आणि पुढे घर बदलताना उपयोगी पडते.

3. रंगवायचं की नाही, हे आधी ठरवा

या पायरीवर कोणीच थांबत नाही, म्हणून इथे जरा जास्त बोलते.

हल्ली जुनी वस्तू दिसली की पांढरा नाहीतर फिकट निळा रंग मारायची घाई असते. प्लायवूडचं कपाट असेल, आंब्याच्या लाकडाचं स्टूल असेल, आधीच तीन वेळा ऑइलपेंट मारलेला बाक असेल, तर खुशाल रंगवा. त्यांना रंगामुळे आयुष्य मिळतं. पण शिसवीची खुर्ची, कोरीव पाठीचा बाक, लांब हातांची आरामखुर्ची, जिला गोव्यात व्होल्तेर म्हणतात, यांच्यावर ऑइलपेंट मारू नका. शिसवीचा रंग तयार व्हायला झाडाचं सगळं आयुष्य लागलेलं असतं. कोरीवकामात शिरलेला रंग काढताना नक्षीच्या कडा बोथट होतात आणि त्या पुन्हा धारदार करता येत नाहीत. अशा वस्तूला स्वच्छता, सांध्यांची दुरुस्ती आणि लाखेच्या पॉलिशचे दोन-तीन हात, एवढंच द्या.

वस्तू 100 वर्षांहून जुनी वाटत असेल तर काहीही करण्याआधी जाणकाराला दाखवा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार 100 वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकांना पाठवायचा विचार असेल तर हे माहीत असू द्या.

वर आधीचं पॉलिश कसलं आहे ते ओळखायला सोपी युक्ती आहे. मागच्या, न दिसणाऱ्या जागी कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावा. मिनिटभरात चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही आणि एन.सी. थिनरने (लॅकर पातळ करायच्या थिनरने) मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर मेलामाइन किंवा पी.यू. (पॉलियुरेथेन) ही कडक पॉलिशं, नाहीतर मुरलेला ऑइलपेंट. लाखेचं पॉलिश असेल तर तुमचं नशीब, ते स्पिरिटने पुसून निघतं.

4. सामान

एका टेबलासाठी मी हे आणते:

पॉलिश पेपर 80, 120, 180 आणि 320 नंबरचे, प्रत्येकी चार-पाच. ते गुंडाळायला लाकडाचा हातात मावेल असा ठोकळा.
रंग खरवडायची पट्टी, स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, छोटी हातोडी.
लाकडाचा पांढरा गोंद, सुतळी, आणि मिळाले तर दोन क्लॅम्प.
लाकडाची लांबी, म्हणजेच पुट्टी.
लाकडाचं अस्तर अर्धा लिटर, सिंथेटिक इनॅमल, म्हणजे ऑइलपेंट, अर्धा लिटर. सहा फुटी कपाट असेल तर रंग एक लिटर.
टर्पेंटाइन, स्पिरिट, लाखेचे पापुद्रे 100 ग्रॅम.
दोन इंची ब्रश एक, एक इंची एक. ब्रशवर पैसे वाचवू नका, स्वस्त ब्रशचे केस रंगात अडकून बसतात.
धुळीचा चांगला मास्क, रबरी हातमोजे, जुनी सुती कापडं.

5. सुकवणं आणि साफ करणं

ड्रॉवर बाहेर काढा, हँडल आणि बिजागऱ्या सोडवा. कुठला स्क्रू कुठला ते वेगवेगळ्या पाकिटांत लिहून ठेवा. सोडवण्याआधी फोटो काढा. गंजलेला स्क्रू जोर लावून फिरवलात तर डोकं तुटतं. त्यावर तेलाचे दोन थेंब टाकून रात्रभर ठेवा, सकाळी आधी थोडा घट्ट करा आणि मग सोडवा.

बुरशी असेल तर उघड्यावर, मास्क लावून कोरड्या ब्रशने झाडा. नंतर साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा आणि लगेच कोरडं करा. पाइपने धुवू नका. जुन्या वस्तूंचे सांधे पुष्कळदा सरसाने (प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाने) चिकटवलेले असतात आणि सरस ओलीने सुटतो.

मग वस्तू वारा खेळेल अशा सावलीत, विटांवर उचलून ठेवा. ओसरी असेल तर उत्तम. भर उन्हात ठेवली तर वरची बाजू आधी सुकते, आतली राहते आणि फळी वाकते किंवा तडकते. पावसाळ्यानंतर आणलेल्या वस्तूला मी तीन आठवडे देते. हा काळ कंटाळवाणा असतो, आणि तो टाळण्याची इच्छा रोज होते. टाळू नका.

6. किडा

याच तीन आठवड्यांत भोकांखाली काळा कागद पसरून ठेवा. कागदावर ताजी पूड पडली तर औषध लावायलाच हवं. रंगाने किडा मरत नाही, तो आतून रंगासकट लाकूड पोखरून बाहेर येतो. लाकडासाठी मिळणारं तयार कीडनाशक इंजेक्शनच्या सिरिंजने एकेका भोकात सोडा, कच्च्या लाकडावर ब्रशनेही लावा. हातमोजे, चष्मा, मास्क हवेतच, आणि मुलं-मांजरं लांब. डब्यावर सांगितलेले दिवस सुकू द्या, मग पुन्हा काळा कागद. तो स्वच्छ राहिला की भोकं मेणाने किंवा लांबीने बुजवा.

7. सांधे आवळणं

डगमगणाऱ्या सांध्यात नुसता गोंद ओतून चालत नाही, आणि खिळा ठोकणं त्याहून वाईट. लोखंडी खिळ्याने सागवानात काळा डाग उतरतो आणि लाकूड चिरतं. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेली असते. शक्य असेल तर ती हळूच बाहेर काढा, जुना सरस कोमट पाण्याच्या कापडाने मऊ करून खरवडा आणि सुकू द्या. जुन्या सरसावर नवा गोंद धरत नाही. जीभ सैल असेल तर तिच्याभोवती लाकडाचा पातळ काप चिकटवा. मग गोंद लावून सांधा बसवा.

क्लॅम्प नसेल तर दोन पायांभोवती सुतळीचे चार वेढे घ्या, मधे काठी घालून पीळ द्या. कडांखाली पुठ्ठा ठेवा, नाहीतर सुतळीचा वळ उठतो. चोवीस तास हात लावू नका. स्क्रू लागलेच तर पितळी किंवा स्टेनलेस घ्या. समुद्राजवळ राहत असाल तर साधा लोखंडी स्क्रू एका पावसाळ्यात गंजतो.

8. जुना रंग काढणं

रंग घट्ट बसलेला असेल, कुठे सुटत नसेल, तर पूर्ण काढायची गरज नाही. 180 नंबरने घासून चमक घालवली की पुरे. सुटा, फुगलेला, पापुद्रे निघणारा असेल तरच मुळापर्यंत जा.

इथे एक गंभीर गोष्ट. भारतात घरगुती रंगांतलं शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) आत असावं हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं, आणि दुसऱ्याच्या घरातून आलेल्या वस्तूवर कोणता रंग आहे ते तुम्हाला माहीत नाही. म्हणून जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. वॉटरपेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) ओला करून घासा किंवा रंग काढायचं रिमूव्हर वापरा, खाली प्लास्टिक पसरा, चिखल झालेला रंग पिशवीत बांधून टाका आणि कपडे वेगळे धुवा. घरात गर्भवती स्त्री किंवा लहान मूल असेल तर हे काम घरापासून लांब करा. ओलं घासलेलं लाकूड पुन्हा तीन-चार दिवस सुकायला ठेवावं लागतं.

रिमूव्हर जाडसर लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि पट्टीने रेषांच्या दिशेने खरवडायचं. वास तीव्र असतो, उघड्यावरच करा. काही रंगारी कॉस्टिक सोडा सुचवतात. स्वस्त आहे, रंग झटकन निघतोही, पण सागवान काळवंडतं आणि सांधे सैल होतात. मी एका स्टुलावर करून बघितलं, पुन्हा केलं नाही.

रंग निघाला की 80, मग 120, मग 180. नेहमी रेषांच्या दिशेने. आडवं घासलेलं कोरडं असताना दिसत नाही, पॉलिशचा हात बसला की एकूण एक चरा वर येतो. पॉलिशच करायचं असेल तर शेवटी 320 ही फिरवा.

9. लांबी आणि अस्तर

खड्डे, खिळ्यांची भोकं, चिरा लांबीने भरा, किंचित वर ठेवा कारण सुकल्यावर ती बसते. सुकली की 180 ने सपाट करा.

साग आणि शिसव यांच्यावर फिकट रंग लावणाऱ्यांसाठी: या लाकडांतलं तेल आणि रंगद्रव्य पांढऱ्या रंगातून वर येतं. आठवड्याने पांढऱ्या टेबलावर चहासारखे डाग दिसतात आणि कितीही हात मारले तरी परत येतात. उपाय असा: घासून झाल्यावर थिनरच्या कापडाने पुसा, मग लाखेचा एक हात द्या. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये 100 ग्रॅम लाखेचे पापुद्रे रात्रभर भिजवून कापडातून गाळले की हे द्रावण तयार. अर्ध्या-पाऊण तासात सुकतं. 320 ने हलकं घासा आणि मग अस्तर लावा. ड्रॉवरच्या आतल्या बाजूलाही लाखेचा एक हात मारा, जुन्या कपाटाचा कुबट वास त्यात कोंडला जातो.

अस्तराचा एक हात, रात्रभर सुकवणं, 180 किंवा 320 ने घासणं, पुसणं. पायांच्या तळाला अस्तराचे दोन हात. सगळे विसरतात ती हीच जागा.

10. रंगाचे हात

पहिल्या हातात टर्पेंटाइन थोडं जास्त, साधारण दहावा हिस्सा. पातळ लावा. जाड लावलेला एक हात म्हणजे ओघळ, पातळ लावलेले दोन हात म्हणजे काच. ब्रश एक तृतीयांशच बुडवा, लांब ओढा, सुकायला लागलेल्या जागेवर परत फिरवू नका. पुढचा हात दुसऱ्या दिवशी, मधे 320 ने हलकं घासून. सकाळी दहानंतर सुरू करा, दव पूर्ण उडालेलं असतं, आणि चारच्या आत संपवा.

अंधाऱ्या खोलीत ठेवायची वस्तू असेल तर तेलाच्या शुभ्र पांढऱ्याऐवजी किंचित पिवळसर छटा निवडा. तेलाचा पांढरा रंग उजेड कमी मिळाला की पिवळा पडतोच.

रंग चालू असताना जवळ समई, उदबत्ती, गॅस काहीही पेटलेलं नको. थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते. अळशीचं तेल वापरत असाल तर त्याने भिजलेली कापडं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. सुटी पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका. उरलेलं टर्पेंटाइन अंगणात किंवा विहिरीजवळ ओतू नका. बाटलीत भरून ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं ब्रश धुवायला पुन्हा चालतं.

11. हँडल आणि वेत

पितळी हँडल चिंचेच्या कोळाने आणि मिठाने घासा, धुवा, कोरडी करा.

वेताची बैठक लोंबली असेल पण तुटली नसेल, तर खुर्ची उलटी करा, खालच्या बाजूने गरम पाण्याने वेत भिजवा आणि सावलीत सुकवा. सुकताना वेत आकसून ताणला जातो. तुटला असेल तर विणकराकडे द्या. आणि वेतावर रंग लावू नका. त्याची लवचीकता जाते, मग बसल्यावर तडकतो. चौकट रंगवताना वेतावर कागद चिकटवा.

12. जागेवर ठेवताना

इनॅमल हाताला दुसऱ्या दिवशी कोरडा लागला तरी पुरता कडक व्हायला आठवडाभर तरी लागतो. तेवढे दिवस वर काही ठेवू नका. मी मुलीची वह्यांची चळत चौथ्या दिवशी ठेवली, खालच्या वहीचं कव्हर टेबलाला चिकटलं आणि निघताना रंगाचा पापुद्रा घेऊन गेलं.

भिंतीपासून तीन बोटं लांब ठेवा, विशेषतः चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीपासून, पावसात ती ओल धरते. पायांखाली रबरी टोप्या घाला. लाखेचं पॉलिश असेल तर गरम कप थेट ठेवू नका, पांढरी वर्तुळं उठतात. पहिल्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा ड्रॉवर उघडे ठेवून पंखा लावा, आणि ऑक्टोबर आला की टेबलाखाली पुन्हा एकदा काळा कागद पसरा.